मढवीबाईंचा नायट्रोजन

कै. डॉ. सुचिता शिवराम मढवी. जन्म तळवली, ११ एप्रिल १९६४. मृत्यू तळवली, २ ऑगस्ट २०२५. अविवाहित. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या अध्यापिका. सेवा तेहतीस वर्षांची, संशोधनाचा विषय एकच. शोधनिबंध सात. त्यांपैकी नाव झाले ते एका निबंधाने, आणि तोच पुढे त्यांनी स्वतः मागे घेतला. बाईंच्या आयुष्यात ज्याला घडणे म्हणता येईल असे जे काही होते, ते सारे त्या एका निबंधाच्या अलीकडे-पलीकडे घडले. म्हणून हे चरित्रही मुख्यतः त्याचेच आहे.

वडील शिवराम मढवी हे आधी मिठागरावर होते. मिठागराची जागा गेली तेव्हा त्याच रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात ते हेल्पर म्हणून लागले. संध्याकाळी घरी येताना त्यांच्या कपड्यांना रोज निराळा वास असे. "आज कसला वास, बाबा?" असे मुलगी विचारी, आणि वडील "आज निल्या पिपातला" किंवा "आज पांढऱ्या पिपातला" असे सांगून पाय धुवायला जात. पिंपात काय असते ते वडिलांना कोणी सांगितले नव्हते. ते आपण शोधून काढायचे, अशी जिद्द सुचिताने शाळकरी वयातच धरली आणि ती सोडली नाही. गावातून रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या. डॉक्टर झाल्यावर घर मात्र त्यांनी बदलले नाही. महाविद्यालय जवळ होते, आई जमुनाबाई थकल्या होत्या, आणि गाव सोडण्याचे दुसरे काही कारणही नव्हते.

बाईंचा विषय कागदावर फार अवघड दिसे : संक्रमण धातू आणि मुख्य गटातील मूलद्रव्ये यांच्यातील बहुबंध. वर्गात मात्र त्या तो एका वाक्यात सुरू करत.

"खुंटाला होडी बांधताना पाहिली आहे का कोणी?"

करंजाडे-उलव्याच्या नव्या इमारतींतून आलेली मुले नकारार्थी माना हलवत.

"नसेल पाहिली तर आता पाहा. एका दोरीने बांधलेली होडी भरतीला लांब जाते. दोन दोऱ्या टाकल्या की जवळ येते. तिसरी टाकली की खुंटाला चिकटते. मॉलिब्डेनमसारखा धातू म्हणजे खुंट. ऑक्सिजन, नायट्रोजन, फॉस्फरस या होड्या. आपल्याला दोऱ्या दिसत नाहीत. अंतर मोजता येते. अंतरावरून दोऱ्या मोजायच्या."

बाईंना स्वतःला जी होडी बांधायची होती ती नायट्रोजनची, आणि तीही जवळजवळ रिकामी : त्या नायट्रोजनवर फक्त एक हायड्रोजन बसलेला, दुसरे काहीही नाही. असा उघडा नायट्रोजन समोर येईल त्याच्याशी जोडला जातो आणि क्षणात हातचा जातो. म्हणून धातूच्या तिन्ही बाजूंना अवजड रेणूंचे कुंपण घालायचे आणि फक्त वरची एक फट मोकळी ठेवायची. त्या फटीतून नायट्रोजन आत यावा आणि दुसरे कोणी येऊ नये, एवढेच साधायचे होते. या कामात सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे हवेतली वाफ. खाडीकाठी राहून वाफेशी वैर धरणे किती अवघड, हे बाईंना लहानपणापासून ठाऊक होते. त्यांच्या घरात मिठाची बरणी कधी कोरडी राहिली नव्हती.

प्रयोगशाळा म्हणून त्यांना एक जुनी अडगळीची खोली मिळाली होती. तिथे काचेच्या नळ्यांची एक लाइन, एक व्हॅक्यूम पंप आणि आरगॉन वायूचा सिलिंडर होता. आरगॉन कशाशीच जोडला जात नाही, म्हणून त्याच्या आवरणाखाली सर्व काम चाले. सिलिंडर, लाइन आणि फ्लास्क यांना जोडणाऱ्या नळ्या जाड काळ्या रबराच्या होत्या. बंद पेटीत हातमोजे घालून काम करण्याची सोय मोठ्या संस्थांत असते, ती इथे नव्हती. बाई दर सोमवारी नळ्यांची टोके पुसत, व्हॅसलीन लावत आणि पंपाचे तेल पाहत. पंधरा वर्षे त्यांनी त्या खोलीत अमोनिया वायू धातूवर सोडला, आणि पंधरा वर्षे संध्याकाळी फ्लास्कच्या तळाशी तपकिरी गाळ पाहिला.

२०१७ च्या चैत्रात असाच एक प्रयोग लाइनवर असताना घरून आईचा फोन आला.

"अगो सुचिता, गावदेवीची पालखी निंगाली. पयली ओटी आपले घराची हाय. तू कवा येनार?"

"एवढं उरकून येते."

"तुजा उरकना मना ठाव हाय. देवी थांबनार हाय का तुजे बाटलीसाठी?"

पहिल्या ओटीचा मान मढवींच्या घराचा, आणि भावाचे कुटुंब त्या वर्षी परगावी. बाईंनी फ्लास्क उघडला नाही, गाळला नाही. आरगॉनखाली जसाच्या तसा ठेवला आणि त्या निघून गेल्या. जत्रा, पाहुणे आणि आईचे गुडघे यांत तीन दिवस गेले. परत येऊन त्यांनी खोलीचा दिवा लावला तेव्हा फ्लास्कच्या काचेला आतून जांभळे स्फटिक लागले होते. लांब, धारदार, दाट जांभळे. बाई खुर्ची ओढून समोर बसल्या. बराच वेळ त्यांनी फ्लास्कला हातही लावला नाही.

स्फटिकाची क्ष-किरणांनी तपासणी एका मोठ्या संस्थेत करून घेतली. उत्तर आले : मॉलिब्डेनम, सभोवती कुंपण, आणि वर अगदी जवळ ओढलेला एक हलका अणू. अंतर इतके आखूड की बहुबंधाविषयी शंकाच नव्हती. आता तो हलका अणू कोणता, हे मात्र हे यंत्र खात्रीने सांगू शकत नाही. जड धातूच्या शेजारी नायट्रोजन आणि ऑक्सिजन त्याला जवळजवळ सारखेच दिसतात. एकुलता हायड्रोजन तर दिसतच नाही. वजनाने ठरवावे, तर नायट्रोजन व हायड्रोजन मिळून पंधरा आणि ऑक्सिजन सोळा. आणि मॉलिब्डेनमचे अणू निसर्गातच अनेक निरनिराळ्या वजनांचे असल्यामुळे एकाचा फरक त्या गर्दीत हरवतो. वर्णपटात हायड्रोजनची खूण जिथे उमटायची, तिथे ओलाव्याचा डाग पसरलेला होता. असा डाग त्यांच्या सगळ्याच नमुन्यांत असे. पण फ्लास्कमध्ये अमोनिया सोडला होता, आणि अमोनियात नायट्रोजन असतो. तेव्हा वरचा अणू नायट्रोजन, असे बाईंनी मानले. निबंध तपासणाऱ्या परीक्षकांनाही त्यात वावगे वाटले नाही.

कृती लिहिताना बाईंनी शेवटचे वाक्य घातले : "मिश्रण तीन दिवस लाइनवर न हलवता ठेवावे." पुढे त्यांनी ती कृती पुन्हा पुन्हा केली आणि दर वेळी स्फटिक आले. पंधरा वर्षे आपण घाई करत होतो, एवढीच आपली चूक होती, असे त्यांना वाटू लागले. तो त्यांच्या आयुष्यातला सुखाचा काळ होता, आणि तो पाच वर्षे टिकला.

गावकीने देवळासमोर सत्कार केला. गावकीचे अध्यक्ष नामा पाटील यांनी माइक हातात घेऊन सांगितले की आपल्या गावच्या लेकीने धातूची आणि नायट्रोजनची गाठ मारली आहे आणि ती गाठ जगात कोणाला जमली नव्हती. शाल दिली, श्रीफळ दिले. मग माइक बाजूला धरून त्यांनी हळूच विचारले,

"पन बाय, याचा उपयोग काय?"

"अजून काहीच नाही, नामाकाका."

"मंग चांगला हाय. उपयोगाचा असता तं कंपनीवाल्यांनी कवाच नेला असता."

बाई मनापासून हसल्या. आईने ती शाल ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवली.

याच काळात ऋता केळुसकर त्यांच्याकडे पीएच.डी.साठी आली. मूळची वेंगुर्ल्याकडची; वडील नोकरदार, उलव्याला दोन खोल्यांचा फ्लॅट. हुशार, चटपटीत, थोडी फटकळ. तिचा प्रबंध पूर्णपणे त्या जांभळ्या स्फटिकावर उभा होता : तो कशाशी जोडला जातो, कशाशी नाही, काय दिल्यावर त्याचा रंग जातो. ती मन लावून काम करी. एका जानेवारीत स्फटिक बारीक आणि फिके आले, तेव्हा ती म्हणाली,

"मॅडम, आपले स्फटिक पण कोकणातलेच आहेत. घाम आल्याशिवाय कामाला लागत नाहीत."

बाईंनी तिला हसून दाद दिली आणि त्यावर अधिक विचार केला नाही.

२०२२ च्या उन्हाळ्यात परदेशातून एक ई-मेल आला. थंड, कोरड्या प्रदेशातल्या एका विद्यापीठातील गटाने बाईंची कृती करून पाहिली होती. त्यांना फक्त तपकिरी गाळ मिळत होता. निबंधात एखादा तपशील लिहायचा राहिला आहे काय, अशी त्यांची विनयपूर्वक विचारणा होती.

"लिहा ना मॅडम, हातगुण लागतो म्हणून," ऋता म्हणाली.

"तीन दिवस थांबले नसतील."

"तेच. त्यांना सगळं फटाफट पाहिजे असतं."

बाईंनी तसे कळवले. उत्तर आले की त्यांनी एक आठवडा थांबून पाहिले, गाळच मिळाला. त्यांचे सर्व काम पोलादी बंद पेटीत होते आणि पेटीतल्या ओलाव्याचा आकडाही त्यांनी कळवला होता. तो आकडा जवळजवळ शून्य होता.

ऋता घरी गेल्यावर बाई लाइनसमोर उभ्या राहिल्या. त्या परदेशी गटाकडे जे जे आहे ते आपल्यापेक्षा चांगले आहे. रसायने शुद्ध, पंप जोरदार, माणसे शिकलेली. मग आपल्याकडे असे काय आहे, जे त्यांच्याकडे नाही? बाईंनी आरगॉनची काळी नळी दोन बोटांत धरली. रबर वायूला अडवते असे आपण धरून चालतो. पण ते चाळणीसारखे असते, फार बारीक चाळणीसारखे, आणि बाहेरची हवा दमट असेल तर वाफ त्यातून हळूहळू आत झिरपत राहते. एका संध्याकाळी किती झिरपेल? नगण्य. तीन दिवसांत किती? आणि एकदम त्यांना जानेवारीतले ते फिके स्फटिक आठवले. पाण्यातही एक हलका अणू असतो, जो धातूला दोन-तीन दोऱ्यांनी चिकटून बसतो. तो म्हणजे ऑक्सिजन.

त्या रात्री घरी आई काय बोलत होत्या ते बाईंना ऐकू येत नव्हते.

हे तपासण्याचा मार्ग सरळ होता, आणि तो पाच वर्षांपूर्वीही उपलब्ध होता. साध्या नायट्रोजनऐवजी थोडा जड नायट्रोजन असलेला अमोनिया वापरायचा. वरचा अणू खरोखर नायट्रोजन असेल तर वर्णपटातले बंधाचे शिखर आपल्या जागेवरून सरकेल. ऑक्सिजन असेल तर त्याला जड नायट्रोजनाशी काही देणेघेणे नाही; शिखर जिथल्या तिथे राहील. बाईंनी तो अमोनिया मागवला आणि ऋताला सांगितले. ऋताने हातातली बरणी खाली ठेवली.

"मॅडम, मी डिसेंबर महिन्यात सबमिट करतेय. त्यानंतर करा ना. सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे."

"सबमिट काय करणार?"

"जे आहे ते."

"ते काय आहे, हेच पाहायचं आहे, ऋता."

"आणि ते नसलं तर?"

बाईंनी मागणीपत्राची प्रत वहीत लावून ठेवली.

"तुमचं बरं आहे मॅडम. तुमची नोकरी होत आली. आमच्याकडे बाबा सोसायटीभर सांगून बसलेत, मुलगी डॉक्टर होणार म्हणून. वॉचमनसुद्धा विचारतो, ताई, दवाखाना कुठे टाकणार."

"माझ्याही गावात सांगून झालं आहे."

"मग तर न करायला दोन कारणं झाली."

बाईंना तिचा राग आला नाही. तिचे म्हणणे चूक नव्हते. कोणी आरोप केला नव्हता. एका ई-मेलला उत्तर न देणे एवढेच करायचे होते. प्रबंध परीक्षकांकडे जाईल, ते बाईंचा निबंध प्रमाण मानतील, पदवी मिळेल. दोन रात्री बाईंनी हा हिशेब मनाशी मांडून पाहिला, आणि दोन्ही वेळा तो एकाच जागी अडला : पदवीच्या कागदावर ज्या पदार्थाचे नाव असेल तो पदार्थ फ्लास्कमध्ये आहे किंवा नाही, हे आपल्याला ठाऊक नसेल.

जड अमोनिया काचेच्या लहानशा बंद फुग्यात आला. बाईंनी प्रयोग स्वतः लावला. ऋताला हात लावू दिला नाही, म्हणजे पुढे कोणाला बोट ठेवायला नको. तीन दिवसांनी स्फटिक आले. इतके देखणे स्फटिक त्या खोलीत पूर्वी आले नव्हते. ऋताने नमुना यंत्रात ठेवला आणि पडद्याकडे पाहत राहिली.

"मॅडम, पीक हललाच नाही."

"जुना आणि हा, दोन्ही आलेख एकावर एक ठेव."

तिने ठेवले. दोन रेघांची एकच रेघ झाली.

"मशीनचं कॅलिब्रेशन करून बघूया का?"

"बघू."

यंत्राची तपासणी केली. यंत्र बरोबर होते. ऋताने तिसऱ्यांदा आलेख काढला. बाईंनी तिला अडवले नाही. तिसरी रेघही तिथेच आली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी उरलेली शंकाही मिटवली. कुंपण घातलेला धातू त्यांनी वाळवलेल्या द्रावकात घेतला. अमोनिया अजिबात घातला नाही. सुईच्या टोकावर मावेल एवढे पाणी आत सोडले. चहात दूध मिसळायला लागतो तेवढ्या वेळात द्रावण जांभळे झाले. अमोनियाची गरज कधी नव्हतीच. पाच वर्षे त्यांनी नायट्रोजन समजून ऑक्सिजनची होडी बांधली होती, आणि ती दर वेळी बिनचूक बांधली गेली, कारण तळवलीच्या हवेतली वाफ दर वेळी बिनचूक आत येत होती. ज्या तीन दिवसांच्या संयमाचा त्यांना अभिमान होता, ते तीन दिवस वाफेला लागत होते.

ऋता खोलीबाहेर गेली. थोड्या वेळाने डबा न्यायला परत आली आणि दारातच थांबून म्हणाली, "मॅडम, मला पण पाच मिनिटांत कळलं असतं. कोणी एकदा पाणी टाकून बघितलं असतं तर." ते वाक्य तिने बाईंना उद्देशून म्हटले की स्वतःला, हे बाईंना शेवटपर्यंत ठरवता आले नाही.

निबंध मागे घेण्यापूर्वी बाईंनी जुने साहित्य चाळले. नायट्रोजन शोधत असताना जिकडे पाहण्याचे कारण पडले नव्हते तिकडे आता पाहिले. तोच ऑक्सिजनचा पदार्थ, तोच जांभळा रंग, तेच अंतर. एका परदेशी निबंधातल्या कोष्टकात, पुष्कळ वर्षांपूर्वी. चुकून सापडलेला पदार्थ तरी नवा असावा, एवढेही नव्हते.

विभागप्रमुखांनी त्यांना बसवून घेतले.

"बाई, तुम्हाला कोणी जाब विचारला आहे का?"

"नाही."

"मग? ते लोक दोन महिन्यांत विसरतील. आपल्याकडे मूल्यांकनाची समिती यायची आहे. पुढच्या वर्षी बघू की."

"पुढच्या वर्षी तो नायट्रोजन होणार आहे का, सर?"

प्रमुखांनी चष्मा काढून पुसला आणि ते दुसऱ्या विषयाकडे वळले. बाईंनी त्याच आठवड्यात मागे घेण्याचे निवेदन पाठवले. त्यात लिहिले की चूक पूर्णपणे प्रथम लेखिकेची आहे, आणि ऋता केळुसकर हिने केवळ दिलेल्या कृतीनुसार काम केले. परदेशी गटाने आभार मानले.

मग त्या नामा पाटलांकडे गेल्या. ते ओट्यावर जाळे दुरुस्त करत बसले होते; मासेमारी सुटली होती, जाळे दुरुस्त करण्याची सवय सुटली नव्हती.

"नामाकाका, तो नायट्रोजन नव्हता. ऑक्सिजन निघाला."

"मंग वाईट काय झाला? करोनात ऑक्सिजनसाठी लोक कवरी धावत व्हती."

"तसं नव्हे. माझं चुकलं. गावकीने सत्कार केला तो चुकीच्या गोष्टीचा. तो परत घ्यावा असं सांगायला आले."

नामा पाटलांनी जाळ्यावरून मान वर केली. "सत्कार परत कसा घेतील, बाय? नारल फोडून खाल्ला ना आमी."

"शाल तरी परत देते."

"ठेव तुजे आयला. थंडीत लागल." आणि पुन्हा जाळे ओढून घेत ते म्हणाले, "कोनाला सांगू नको. कोनाला काय कललंय त्यातलं? गाठ मारली ना तू? मारली. झाला."

बाई उठल्या. चूक कबूल करायला गेलेल्या माणसाची चूकच कोणी स्वीकारली नाही, म्हणजे ती त्याच्याकडेच राहते. ती घेऊन त्या घरी आल्या. जमुनाबाई अंधारात बसल्या होत्या.

"खाल्लास का काय?"

"नाही."

"नायट्रोजन काय, ना ऑक्सिजन काय, मना दोनी दिसत नाय. तुला तरी दिसतंय का?"

"मलाही दिसला नाही, आई," बाई म्हणाल्या आणि भात लावायला उठल्या.

त्यानंतरची दोन वर्षे सांगण्यासारखी फारशी नाहीत. बाईंनी रबरी नळ्या काढून धातूच्या बसवल्या, अमोनिया सोडियमवर वाळवून घेतला, दुसऱ्या एका संस्थेची बंद पेटी एक महिना वापरायला मिळवली. पाणी खरोखर बाहेर राहिले, आणि मिळाला तो तपकिरी गाळ. हळूहळू त्यांच्या लक्षात आले की वरच्या फटीपाशी त्यांचे कुंपण नायट्रोजनाला पुरेसे झाकत नव्हते; तो येत असला तरी लगेच शेजारच्याशी भिडून नाश पावत होता. त्या फटीत टिकू शकत होता तो फक्त ऑक्सिजन. कुंपण बदलायला हवे होते, म्हणजे पहिल्यापासून सुरुवात, म्हणजे आणखी दहा-पंधरा वर्षे. एप्रिल २०२४ मध्ये त्या निवृत्त झाल्या. डिसेंबरपर्यंत विशेष परवानगीने त्या खोलीत येत राहिल्या. त्यानंतर तिथे संगणक आले.

ऋताने प्रबंध दिला नाही. देण्यासारखे काही उरले नव्हते : चार प्रकरणांतला प्रत्येक निष्कर्ष नायट्रोजन धरून काढलेला. नव्या विषयासाठी नव्याने नोंदणी लागे, आणि मुदतवाढीसाठी मार्गदर्शक. बाई निवृत्त झालेल्या, आणि फसलेल्या कामाची विद्यार्थिनी घ्यायला दुसरे कोणी पुढे आले नाही. बाईंनी तिच्या वतीने विद्यापीठात दोन फेऱ्या मारल्या. दोन्ही वेळा त्यांना खिडकीवरून परत पाठवण्यात आले. ऋता तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीला लागली. तिने बाईंचे फोन उचलणे बंद केले.

शेवटी बाई एका रविवारी उलव्याला गेल्या. दार वडिलांनी उघडले. ऋता कामावर होती. कारखान्यात रविवारीही पाळी असते. केळुसकरांनी बाईंना बसवले, चहा केला, पंखा वाढवला.

"तिची काही चूक नव्हती," बाई म्हणाल्या. "हे सांगायला आले."

"ते आम्हाला माहीत आहे, मॅडम." केळुसकर अतिशय सौम्यपणे बोलत होते. "पण बाहेर कोणाला सांगू? नायट्रोजन नव्हता, ऑक्सिजन होता, असं सांगू? लोक म्हणतात, मुलगी नापास झाली. मी हो म्हणतो. सोपं पडतं."

 चहा बाईंनी पूर्ण घेतला, कारण तो अर्धा टाकणे बरे दिसले नसते.

२ ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी आईला औषध देऊन त्या खुर्चीत बसल्या आणि उठल्या नाहीत. डॉक्टरांनी हृदयविकार असे लिहिले. स्मशानात गावकीतले बरेच लोक होते, महाविद्यालयातून दोघे आले. ऋता आली नाही. तिला कळवले होते.

मागे जे ठरले ते असे. शोधनिबंध मागे घेतला गेला असून त्याची नोंद कायम आहे. जांभळ्या स्फटिकांच्या उरलेल्या बंद नळ्या नव्या अध्यापकाने नियमाप्रमाणे उघडून नष्ट केल्या. हवा लागताच स्फटिक तपकिरी झाले, असे त्याने सांगितले. जमुनाबाई धाकट्या मुलाकडे राहतात. बाईंच्या शोकसभेत नामा पाटलांनी भाषण केले आणि धातूची आणि नायट्रोजनची गाठ मारणारी गावची लेक, असेच म्हटले. ते दुरुस्त करायला तिथे कोणी नव्हते.

राहिले ते एवढेच. तो नायट्रोजन बाईंच्या पद्धतीने बांधता येतो की नाही, हा प्रश्न पुढे कोणी हाती घेतलेला नाही. आणि ऋता केळुसकर हिची चार वर्षे कोणाच्याही नावावर जमा नाहीत. तिच्या नोंदणीची मुदत बाईंच्या मृत्यूनंतरच्या महिन्यात संपली.